खिडकीतल्या चार बाटल्या

अर्डिथ पकेटनं बाटली उजेडात धरली आणि विचारलं, “हा सोनेरी?”

“सोनेरी,” कोरी म्हणाला. काहिलीवरची वाफ त्याच्या डोक्यावरून छपराच्या झडपेतून बाहेर चालली होती. “लेबलावर लिहिलंय की, काकू.”

“लेबलावर माझ्या नवऱ्याचं नावही लिहिलंय. तो काय इथं उभा राहून पाक आटवतोय?”

कोरी ओशाळून हसला. मर्टन पकेट मागच्या पानगळीत गेला. त्यानंतर अर्डिथनं आपलं मेपलच्या झाडांचं रान आणि त्यांचा रस आटवून पाक करायचं हे साखरघर कोरीला चालवायला दिलं, पण एका बोलीवर. बाटलीवर नाव पकेटांचंच राहील, आणि त्या नावाला बट्टा लागला तर रान परत. पकेटांच्या बाटलीवर जे लिहिलंय तेच आत असतं, असं अख्खा व्हरमाँट मानतो, अशी तिची समजूत होती. निदान दोन-तीन गावं तरी मानत होती.

“बसा ना. बर्फावर गरम पाक ओततो, गोडाबरोबर तोंडी लावायला लोणच्यातली काकडी पण आहे.”

“मला गोड बोलून गोड खिलवू नकोस,” ती म्हणाली आणि बाटलीचे पैसे टेबलावर ठेवले. कोरी नको नको म्हणत राहिला. तिला त्याचाही संशय आला.

घरी येऊन तिनं कोट काढायच्या आधी खिडकीतला संच पुढ्यात ओढला. एका लाकडी पट्टीत रंगीत पाण्याच्या चार छोट्या बाटल्या होत्या, सोनेरी, तांबूस, गडद आणि काळपट. मध्ये रिकामे खण. त्यात आपला नमुना ठेवायचा, रंग कुणाशी जुळतो ते पाहायचं आणि तीच प्रत लिहायची. अकरा वर्षं हा संच स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत होता. सकाळचं ऊन त्यातून ओट्यावर उतरायचं, ते तिला फार आवडायचं. दर रविवारी ती तो पुसायची.

कोरीचा नमुना तिनं खणात ठेवला. तो सोनेरीच्या जवळपासही नव्हता, तांबूसपेक्षाही गडद होता.

“चोर,” ती म्हणाली.

अजून मार्चच चालू होता. हंगामाच्या सुरुवातीचा पाक उजळ निघतो, झाडांना कळ्या धरू लागल्या की गडद. मग याचा आत्ताच असा कसा? एकतर करपवला, नाहीतर कुठलातरी जुना मिसळला. तिनं बोट बुडवून चाटलं. चव हलकी होती, अगदी सोनेरीची. पण जिभेचं काय खरं? जीभ म्हातारी झाली होती. डोळे मात्र शाबूत होते.

मर्टनचंही असंच झालं होतं. संच आणला त्या वर्षी त्याचा पाक लख्ख सोनेरी होता. मग दरवर्षी थोडा थोडा गडद होत गेला. “लक्ष कुठं असतं तुझं? करपवतोस!” ती म्हणायची. त्यानं काहिली घासल्या, सरपण बदललं, रस पडून राहू नये म्हणून दुखऱ्या छातीनं पहाटेपासून उभा राहू लागला. “तुझे डोळे चांगले आहेत, तू म्हणतेस तर असेल तसं,” एवढंच म्हणायचा. त्याच्या हातची शेवटची बाटली तळघरात होती. तिच्यावर अर्डिथनं त्याच्यादेखतच चिठ्ठी डकवली होती: गडद, घरात वापरायला. तो टोपी घालून बाहेर गेला होता.

मर्टनचा निदान हात बिघडला होता. या पोराची नियतच बिघडली होती. आणि नाव मर्टनचं जाणार होतं. तिनं राज्याच्या तपासनीस बाईंना, रोवेना बीनला, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं स्वयंपाकघरात उभी होती. कोरीच्या हातात टोपी होती आणि ओठ पांढरे पडले होते. आपला ट्रॅक्टर विकून त्यानं या रानात झाडांचा रस आणणाऱ्या नव्या नळ्या टाकल्या होत्या.

“काकू, आईशपथ सांगतो—”

“आईला मधे आणू नकोस. रोवेना, तू बघ.”

रोवेनानं पिशवीतून काळी बंद पेटी काढली. तिच्यातही तशाच चार बाटल्या होत्या. कोरीचा नमुना ठेवून तिनं खिडकीकडे धरला.

“सोनेरी. शंकाच नको.”

“तुझा संच खोटा आहे,” अर्डिथ म्हणाली.

“माझा यंदाचा आहे. तुमचा बघू?” रोवेनानं खिडकीतली पट्टी उचलून उलटी केली. तळाशी बारीक अक्षरं होती. “अहो, हा तर अकरा वर्षांपूर्वीचा! हा दरवर्षी बदलायचा असतो. आणि उन्हात ठेवलात? उन्हानं रंग उडतो याचा. याच्यापुढे कुठलाही पाक काळाच दिसणार.”

कोरीनं खुर्ची ओढून त्यात अंग टाकलं. “हुश्श! काकू, जीवच घेतला होतात,” तो म्हणाला आणि हसू लागला. रोवेनाही हसली.

अर्डिथ हसली नाही. ती तळघराचा जिना उतरून गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक बाटली होती. तिच्यावरची चिठ्ठी तिनं तळव्याखाली घट्ट दाबून धरली होती.

“हा बघ,” ती म्हणाली. “तुझ्या संचाशी लावून बघ.”

रोवेनानं नमुना ओतला, पेटीत ठेवला आणि खिडकीकडे वळली.

“वा! हा तर कोरीच्या पाकाहून उजळ आहे. असा सोनेरी मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. कुणाच्या हातचा हो?”