इलेक्ट्रिक जास्त लागते

“मेरी बीवी को गाडी लगती है,” निहार म्हणाला.

फोनच्या पलीकडचे टायपिंग थांबले.

“आपकी ही गाडी, सर?” विमा कंपनीच्या मुलीने विचारले.

“हाँ जी. पेट्रोलवाली कम लगती थी. ये इलेक्ट्रिक बहुत जोर से लगती है.”

निहार घासाघीस करत होता. विम्याची मुदत आज संपत होती आणि नूतनीकरणाचा आकडा सासऱ्यांच्या पेट्रोल गाडीच्या दीडपट आला होता. दोन्ही गाड्या एकाच महिन्यात घेतलेल्या. इलेक्ट्रिक कशी स्वस्त पडते हे पटवायला निहारने तेव्हा एक्सेल शीट बनवली होती. तिच्यात पेट्रोल होते, ऑइल होते, सर्व्हिसिंग होते, वाचलेल्या फुफ्फुसांची अंदाजे किंमतही होती. विम्याचा रकाना दिसत नव्हता. होता, पण निहारने तो लपवला होता. त्याच्यामुळे बेरीज वाईट दिसत होती.

सासरे मुरलीधर केंद्र सरकारात पस्तीस वर्षे फायली तपासून निवृत्त झालेले. लपवलेला रकाना त्यांना चहा गार व्हायच्या आत सापडला.

“निहारराव,” ते म्हणाले होते, “पुढच्या वर्षी विमा माझ्यापेक्षा जास्त आला, तर ही विकायची आणि पेट्रोल घ्यायची. मंजूर?”

निहारने मंजूर म्हटले होते. पुढचे वर्ष येते, हे त्याला तेव्हा माहीत नव्हते.

म्हणून आता ही युक्ती. गाडी कमी चालते, म्हणून धोका कमी, म्हणून विमा कमी. आणि गाडी कमी का चालते? तर मयुराला गाडी लागते. उलटी हा शब्द रेकॉर्ड होणाऱ्या कॉलवर बरा दिसला नसता. निहार पुण्याहून नॉएडात आलेला; पुण्यात तसे संस्कार असतात.

“कितनी बार लगी है, सर?” मुलीचा आवाज बदलला होता. निहारला तो आपुलकीचा वाटला.

“हर बार. जनवरी में पानिपत गए थे. जाते वक्त दो बार लगी, आते वक्त तीन बार.”

हे खरे होते. तिथल्या काला अंब युद्धस्मारकापुढे त्या दिवशी बरेच मराठी लोक मान खाली घालून उभे होते. मयुराचे कारण वेगळे होते.

“फिर आप क्या करते हैं?”

“साइड में रोकता हूँ. नींबू देता हूँ. थोडी देर में उठके बैठ जाती है.”

“और हॉस्पिटल?”

“अरे, इसमें हॉस्पिटल क्या! आदत हो गई है उसको.”

“सर, मॅडम घर पर हैं? फोन उनको दीजिए. और आप जरा दूसरे कमरे में जाइए.”

कंपनी ग्राहकाच्या कुटुंबाची इतकी काळजी घेते, हे पाहून निहारला भरून आले. त्याने मयुराला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि तिथेच उभा राहिला.

मयुरा दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. ‘रकाना’ म्हटले की तिला अर्थ विचारावा लागतो. हिंदीत मात्र तिला सगळे कळते.

“मॅडम, डरिए मत,” मुलगी म्हणाली. “सर कह रहे हैं, उनकी गाडी आपको बार-बार लगती है. आप सेफ हैं?”

मयुराने फोनवर हात ठेवला. “तू हिला काय सांगितलंस?”

“तुला गाडी लागते, एवढंच.”

“हिंदीत?”

“मग काय, यार! तिला मराठी कुठे येतं?”

“अरे, हिंदीत गाडी लागली म्हणजे अंगावर आली! तू मला दर रविवारी उडवतोस आणि वर लिंबू देतोस, असं सांगितलंयस तू.”

निहार सोफ्यावर बसला. “मग नीट सांग ना तिला. विमा नाही दिला तर गाडी जाईल आपली. तुझे बाबा पेट्रोल घ्यायला लावतील.”

मयुराला एक वाक्य पुरले असते. पण तिला वर्षभराचे रविवार आठवले. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ही गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि तेवढी बॅटरी भरते, असे निहारने कुठेतरी वाचले होते. तेव्हापासून तो दर दहा सेकंदांनी पाय काढायचा. रिकाम्या हायवेवरसुद्धा. नॉएडापासून पानिपतपर्यंत मयुरा मान डोलवत जायची, आणि तिला आपले म्हणणे पटतेय असे निहारला वाटायचे. तिने चालवायला मागितली की तो म्हणायचा, “तुला ती टेक्निक जमणार नाही गं.”

तिने फोनवरचा हात काढला.

“गाडी की कोई गलती नहीं है,” ती शांतपणे म्हणाली. “मैं चलाऊँ तो बिल्कुल नहीं लगती. ये चलाते हैं, तभी लगती है.”

वाक्य दोन्ही भाषांत खरे होते. निहारने त्यात चूक शोधली. सापडली नाही.

“थँक यू, मॅडम. मैं समझ गई,” मुलगी म्हणाली. टायपिंग पुन्हा सुरू झाले. ते बराच वेळ चालले.

पंधरा मिनिटांनी नवा आकडा आला. सासऱ्यांच्या पेट्रोल गाडीपेक्षा तब्बल आठशे रुपयांनी कमी. निहारने तो दोनदा वाचला आणि मूठ वळून हात वर केला. तो वरच असताना मयुराने खालची बारीक अक्षरातली ओळ वाचून दाखवली.

“विशेष सवलत. अट एकच : गाडी पतीच्या हाती देऊ नये.”