मर्लच्या गाडीचे सांधे

मर्लने ड्रिल उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

जुन्या फोर्डच्या सांगाड्यावर त्याने घरच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने गाडी उभी केली होती. आता फक्त चाकं वळवणाऱ्या दांडीचे सांधे बसवायचे राहिले होते. चाकाजवळच्या हातासारख्या लोखंडी पट्टीत मूळचं निमुळतं भोक होतं. रबराची टोपडी घातलेले ट्रकचे साधे काळे सांधे त्यात चपखल बसत. रेसच्या गाडीचे चकचकीत सांधे लावायचे तर ते भोक सरळ करावं लागणार होतं, आणि एकदा सरळ केलेलं भोक काही पुन्हा निमुळतं होत नाही.

"पाड की भोक," स्टुलावर बसून दालचिनीचा रोल चापणारा शेजारचा वेंडल म्हणाला. "पुढे मडगार्ड नाही, सगळं उघडं. रविवारी गाड्यांच्या मेळ्यात जो येईल तो आधी खाली वाकणार. तिथे ही रबराची टोपडी दिसली ना, तर मी तुला ओळखत नाही म्हणून सांगेन."

त्याचं खोटं नव्हतं. या गाडीवेड्या मंडळींत माणसाचं तोंड नंतर बघतात, गाडीचं पोट आधी. मर्लही जन्मभर असाच वाकत आला होता.

तेवढ्यात त्याची बायको लोरीन कॉफी घेऊन आली. बिनटपाच्या या गाडीत बसायची तिला भीती वाटे, आणि ती ते लपवतही नसे. मर्लला मात्र पहिल्या फेरीला तीच शेजारी हवी होती, दुसरं कुणी नको.

तिने चकचकीत सांधा उचलला. "कानात घालावा असा आहे. पण निकामी झाला तर?"

"आतली गोळी निसटते. दांडी पडू नये म्हणून बाहेरून मोठा वॉशर लावतात."

"आणि हा काळा?"

"त्यात धूळ शिरत नाही. गोळी आतच कोंडलेली. अधूनमधून ग्रीस भरलं की झालं."

लोरीनने सांधा जागेवर ठेवला. "लोक वाकून बघतात तेव्हा गाडी उभी असते ना रे?"

वेंडल चावायचा थांबला. मर्लला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. त्याने ड्रिल पेटीत टाकलं आणि झाकण लावलं.

जेवणाआधी काळे सांधे बसले, पिनाही लागल्या. वेंडलने कुरकुर केली, पण ग्रीसची पिचकारी त्यानेच आणली. मग लोरीन बाहेरूनच हात घालून स्टिअरिंग फिरवू लागली आणि मर्ल खाली झोपून सांधा मुठीत धरून बघू लागला.

"हलतोय?"

"तिळभरही नाही." एवढ्या आनंदाने तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

तो सरपटत बाहेर आला, तर लोरीन आत चढून स्टिअरिंगमागे बसली होती.

"अगं, सरक तिकडे."

"मी कशाला सरकू? तू बस शेजारी."

मक्याच्या शेतांमधून गाडी सुसाट निघाली. लोरीन मोठमोठ्याने गात होती. शेजारी मर्ल दोन्ही हातांनी दार धरून, आपल्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत, पोट दुखेपर्यंत हसत होता.