लाल बूच, पांढरं बूच

औषधविभागातल्या बाई काय सांगतात, याकडे खोलीतल्यांचे कान लागले होते. वैद्यांचं तेल लाल बुचाच्या बाटलीत होतं की पांढऱ्या, हे एकट्या त्यांनाच ठाऊक. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत कापूरही त्यांनीच घातला होता.

वैद्य खुर्चीच्या टोकावर बसले होते. वर्षभर ते रुग्णालयात येऊन गुडघेदुखीच्या रोग्यांना मालिश करत होते. कुणाला आपलं तेल लागतंय आणि कुणाला साधं, हे न कळता. हट्ट त्यांचाच होता. तेल कसाला उतरलं, तर ते इथल्या औषधांत जाणार होतं.

त्यांची मुलगी खिडकीपाशी उभी होती. ती इथलीच डॉक्टर आणि तपासणी तिनेच मांडलेली. सगळ्या नोंदी जुळवून झाल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

“लाल,” बाई म्हणाल्या.

वैद्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हणत नव्हतो? लालवाल्या त्या शिक्षिकाबाई काठी विसरून घरी गेल्या.”

“बाबा, पांढऱ्यावालेही चालायला लागले.”

“म्हणजे?”

“दोन्हीकडे सारखाच आराम पडला. नुसत्या गोळ्या घेणारे मात्र मागे राहिले. बरेच मागे. गुण चोळण्यात आहे, बाबा. तेल कुठलंही चालतं.”

तेल वैद्यांच्या पणजोबांपासूनचं. मुळ्या कोणत्या, त्या किती उकळायच्या, हे फक्त घरातल्या मुलग्याला सांगायचं अशी रीत. वैद्यांना मुलगा नव्हता, तरी मुलीला त्यांनी ते सांगितलं नव्हतं. ती डॉक्टर झाल्यावरही नाही.

हाडांचे मोठे डॉक्टर खाकरले. सुरुवातीला या सगळ्याची त्यांनीच भरपूर टिंगल केली होती. आता त्यांना वैद्यांकडे बघवेना.

“वैद्यबुवा, रोगी थोडेच होते. हवं तर पुन्हा एकदा करून पाहू. कदाचित...”

“नको,” वैद्य म्हणाले. “मनासारखं येईपर्यंत मोजत राहायचं, तर मोजायचं तरी कशाला?”

ते आपल्या बोटांकडे बघत बसले. काढे उकळून उकळून ती काळवंडली होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगी घाबरून पुढे झाली, तर ते हसत होते.

“तुझी आई जन्मभर म्हणायची, तुमच्या त्या तेलाने फक्त चादरी नासतात. वर बसून केवढी खूश झाली असेल आज.”

मोठ्या डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही. मग ते जरा चाचरतच म्हणाले, “आमच्या लोकांना शिकवाल का हे? तुमची हरकत नसेल तर.”

“हरकत कसली? झाकून ठेवलं होतं ते तेल. हात काय, उघड्यावरच होते. कुणी पाहिले नाहीत. मीसुद्धा नाही.” वैद्य उठले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. “आधी तुम्ही या. चिठ्ठीवर मालिश लिहून द्यायची, तर ती कशाशी खातात हे कळायला नको?”

मोठे डॉक्टर निमूट पुढे आले. वैद्यांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबून पाहिला.

“गार आहे. हा असा लावलात तर रोगी पलंगावरून उडी मारेल. आधी ऊब आणा.”

मोठे डॉक्टर उभ्या उभ्या तळहात एकमेकांवर घासू लागले. दाराशी बाईंनीही हळूच तसंच सुरू केलं.

मुलीने बाही वर केली आणि रांगेत आपला हात पुढे धरला. वैद्यांनी तो अलगद खाली केला.

“तुला काय शिकवायचं?” ते म्हणाले. “पाय चोळायला माझा हात लागला की तुझी आजी कुरकुरायची. म्हणायची, पोरगी शाळेतून आली का बघ.”