सुकडी शाळेतच खायची

“मान हलवू नकोस. तोंडानं सांग,” तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

साळूनं पुन्हा नुसती मान हलवली. साहेबांनी विचारलं होतं ते अगदी साधं होतं. आज सुकडी मिळाली का आणि कुणी खाल्ली? तिसरीतल्या पोरीला एवढं सांगता येऊ नये? मागून केरू हात वर करून उड्या मारत होता, पण साहेबांनी त्याला बसवलं. पढवलेली पोरं त्यांना नको होती.

देवराम गुरुजींच्या कपाळावर घाम आला. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. मनमाडच्या अलीकडच्या त्या गावात विहिरींनी तळ दाखवला होता आणि निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. चूल एक वेळ पेटली तरी पुष्कळ, अशी घरं होती. पोरं शाळेत भोवळ येऊन पडत. मग सुकडीची पोती आली. गव्हाच्या पिठाची, गूळ घातलेली कोरडी भरड, सकाळची शाळा सुटायच्या आधी प्रत्येकाला ओंजळभर. पटावरून गळालेली पोरं महिनाभरात परत आली. ती शिकायला आली नव्हती हे गुरुजींना कळत होतं. तरी त्यांना बरं वाटलं.

शेजारच्या गावात मात्र घोटाळा झाला. तिथली सुकडी घरी जाऊ लागली, घरून हॉटेलात, आणि कुणी म्हणे शेळीलाही घातली. वरून हुकूम आला आणि तिथली सुकडी बंद झाली. तेव्हापासून देवराम गुरुजींनी एकच नियम धरला. सुकडी शाळेतच खायची. सुटीच्या वेळी ते स्वतः दारात उभे राहत. पोरांनी दोन्ही हात पसरून दाखवायचे, खिसे उलटे करायचे, पोरींनी परकराचा ओचा सोडून दाखवायचा, मगच उंबरा ओलांडायचा. कणभर सुकडी बाहेर जात नाही, असं ते चारचौघांत अभिमानानं सांगत. अभिमान खोटा नव्हता. चाळीस पोरांच्या तोंडचा घास जाईल या भीतीनं माणूस कडक होतो, तसे ते झाले होते.

या नियमात साळू सगळ्यांत शहाणी. बाकीची पोरं सुटी होताच एकच गिल्ला करीत. ही मुकाट्यानं हात दाखवायची आणि कुणाशी न बोलता सरळ घराची वाट धरायची. पोरीला वळण आहे, असं गुरुजी म्हणत.

आणि आज नेमकी हीच ढिम्म उभी. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण दहा शाळा पाहून त्यांचा विश्वास उडाला होता. ते गुरुजींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, की पोरगी घाबरलेली दिसते, हिला कुणी दम दिलाय का. सुकडी खरंच पोरांच्या पोटात जाते की कागदावरच, हे कळल्याशिवाय पुढची पोती सोडता यायची नाहीत.

गुरुजींचं धाबं दणाणलं. त्यांनी साळूला आधी चुचकारलं. मग विनवलं. मग दरडावलं. साळू त्यांच्याकडे टकाटका बघत राहिली, डोळे भरून आले, पण ओठ काही उघडले नाहीत. पंधरा वर्षांच्या नोकरीत देवराम गुरुजींनी पोरीवर हात उगारला नव्हता. आज उगारला. पाठीत धपाटा बसला तसा साळूला ठसका लागला, मान ताठ झाली, आणि क्षणभरानं तिला कंठ फुटला.

“खाल्ली, साहेब. समदी म्याच खाल्ली.”

एवढं म्हणून ती हमसून हमसून रडायला लागली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग भेटीच्या वहीत त्यांनी झोकदार अक्षरात लिहिलं, की आहार मुलांच्याच पोटी जातो, शाळेबाहेर जात नाही, शिक्षकांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पोती सुरू राहणार होती. धुरळा उडवत जीप गेली. गुरुजींनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

पोरं पांगली. साळू मात्र दारातच उभी होती. घरी जायला तिचा पाय उचलत नव्हता. गुरुजी माघारी वळले. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि लागलं का म्हणून विचारलं. तिनं नाही म्हटलं. भिकन वाट बघत असेल, म्हणाली.

भिकन तिचा भाऊ, दहा महिन्यांचा. गुरुजींनी विचारत विचारत एकेक काढून घेतलं. आई उजाडायला खडीवर जाते ती दिवस मावळता येते. अंगावरचं दूध कधीच आटलं. घरी आजी असते, पण तिच्या तोंडात दात नाही, नि पोराच्याही नाही. कोरडी भरड दिली तर दोघांना ठसका लागतो. कुणीतरी चावून मऊ करून द्यावी लागते.

गुरुजी उठले आणि पोत्याकडे धावले. पोतं त्यांनीच साहेबांसमोर उलटं करून झटकलं होतं. शिवणीत चिमूटभर पीठ अडकलेलं होतं, तेवढं ते बोटानं काढायला लागले.

साळूनं नाक पुसलं.

“हातात न्यायाची नाय म्हंता तुमी,” ती म्हणाली, “म्हून मी रोज अर्धी तोंडात धरून नेत व्हते, गुर्जी. आज तुमी मारलं आन् गिळली गेली.”