शेवटचं झाकण

चार वर्षांपूर्वी बाबांना घेऊन गेलेला विषाणूचा तो प्रकार आता जगात कुठेच उरला नव्हता. तरी आमच्या शहराच्या सांडपाण्यात तो आमच्या प्रयोगशाळेला दर आठवड्याला सापडत होता. एकेका गटाराचं झाकण उघडत आम्ही माग काढला आणि माझ्याच दारापाशी येऊन थांबलो. "मॅडम, आता तुमच्या घरचं गुपित माझ्या बाटलीत!" नमुने गोळा करणारा कामगार हसला. बाटलीत तोच विषाणू निघाला. माझी तपासणी केली, माझ्यात तो सापडला नाही. घरात दुसरी फक्त आई, आणि ती ठणठणीत. पण ठणठणीत माणसाच्या पोटातही असा विषाणू वर्षानुवर्षं तग धरू शकतो. संध्याकाळी तिच्या नमुन्यासाठी रिकामी डबी पर्समध्ये टाकून घरी गेले. आईनं टेबलावर बाबांचाही कप मांडला होता. "हसशील तू, पण हे अजून गेलेले नाहीत गं," ती म्हणाली. "इथेच आहेत, माझ्यापाशी." एरवी मी तिला वेड्यात काढायचे. आज पर्समधली डबी घट्ट धरून नुसती बसून राहिले.