तळापर्यंत दाबलेलं पेडल

पेट्रोल भरलं की मार्व्हाची जुनी गाडी रुसायची, आणि तीही फक्त लायलच्या पंपावर. आजचा सलग तिसरा शनिवार. लायलला ही गाडी केव्हापासून विकत हवी होती. तोच काहीतरी कारस्थान करतो, याबद्दल मार्व्हाला आता शंका उरली नव्हती.

"टाकी भरून नळी कट्ट वाजली तरी तुम्ही ती दाबतच राहता, बाई," बॉनेट उघडत लायल म्हणाला. "मग इंजिनात वाफा कोंडतात. ॲक्सिलरेटरचं पेडल पार तळापर्यंत दाबा आणि मी सांगितलं की चावी फिरवा."

"बरं," मार्व्हा म्हणाली.

या गावात लोक गाडीत चावी तशीच ठेवून खुशाल कॉफी प्यायला जातात. मार्व्हाने मात्र चावी काढून मुठीत धरली, आवाज न करता उतरली आणि लायलच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. आज त्याचे हात बघायचेच होते.

एका हाताने त्याने बॉनेट धरलं होतं, दुसरा कमरेवर होता. तो कशालाच हात लावत नव्हता.

त्याच्या समोर, पेडलपासून इंजिनात येणारी तार सावकाश ताणली गेली.

"हां, अस्संच!" लायल खुशीत ओरडला. "पाय काढू नका हं!"

मार्व्हाने बाजूने वाकून पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

"आता फिरवा चावी!"

मार्व्हाने मूठ इतकी आवळली की चावीचे दात तळव्यात रुतले.

इंजिन सुरू झालं.