बाप असावा तर असा

लेक आत आली, पण चपला काढल्या नाहीत.

"बस तरी," पंच म्हणाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना पंचच म्हणायची.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. पर्समधली चपटी डबी काढून तिने टेबलावर ठेवली, उघडली मात्र नाही. नऊ वर्षांनी येत होती. परवा नवऱ्याबरोबर परदेशी निघणार होती, कायमची. "जायच्या आधी एकच विचारायचंय," एवढंच फोनवर बोलली होती.

पंचांच्या घरात बोलायला दुसरं माणूस नाही. दूध उतू गेलं की ते स्वतःलाच फाऊल द्यायचे आणि एकटेच हसायचे. हसून झालं की घर खायला उठायचं.

"तो सामना अजून बघता?"

"रोज."

त्यांनी टीव्ही लावला. आवाज बंद होता. त्या सामन्याचा आवाज त्यांनी कधी लावलाच नव्हता.

बास्केटबॉलची फायनल. नेमलेला पंच आजारी पडला आणि ऐनवेळी काम ह्यांच्या गळ्यात पडलं. "बाबा, कोर्टवर मी तुमची कुणी नाही हां," लेकीने आधीच बजावलं होतं. तिची टीम एका गुणाने मागे, चार सेकंद उरलेले. पडद्यावर ती टप्पे देत घुसली, चेंडू दोन्ही हातांत धरून थांबली.

"चेंडूकडे नाही, पायांकडे बघायचं," पंच पुटपुटले. नव्या पंचांना त्यांनी जन्मभर हेच शिकवलं होतं. "डावा पाय रोवलास. आता उजवा हवा तिथे फिरव, डावा हलता कामा नये. आणि हा बघ, सरकला! चांगला वीतभर. मग चेंडू टाकलास. ट्रॅव्हलिंग. चेंडू समोरच्या टीमला."

सवयीने ट्रॅव्हलिंगच्या खुणेसाठी त्यांच्या मुठी एकमेकींभोवती फिरू लागल्या. त्यांनी त्या मांडीखाली दाबल्या आणि रोजच्यासारखं चित्र तिथेच थांबवलं.

"त्या क्षणी दिसलं होतं?"

"लख्ख."

"मग तुम्ही केलंत ते नजरचुकीने नव्हे."

"नाही ग. समजून उमजून केलं."

"'बाप असावा तर असा!' सगळा हॉल ओरडत होता. आठवतं?"

"विसरेन कसा?"

"त्यानंतर मी चेंडूला हात लावला नाही, बाबा."

पंचांचे डोळे भरून आले. एका शिट्टीपायी एकुलती एक लेक दुरावली होती. नऊ वर्षं ते मनातल्या मनात तिच्याशी भांडले होते, आणि आता ती समोर बसली तर सगळी वाक्यं पळाली.

"चुकलो मी."

"पंच म्हणून, की बाप म्हणून?"

"दोन्हीकडून चुकलो."

लेक खाली वाकली. चपला काढून तिने दाराशी नेऊन ठेवल्या आणि येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"एवढंच ऐकायचं होतं."

तिने डबी उघडली. आत विजेत्या टीमचं सोन्याचं पदक होतं. "उद्या दोघं मिळून समोरच्या टीमच्या कॅप्टनला देऊन येऊ," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवून तिने थांबलेलं चित्र सुरू केलं. चेंडू जाळीतून सपकन गेला, भोंगा झाला, हॉलने छप्पर डोक्यावर घेतलं. शिट्टी तेवढी कुठेच वाजली नाही.